माझं घर सोडून सगळीकडे

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर हा विषय काढला की तुला नेमका आवाज येईनासा होतो आणि तू फोन आप्पांच्या हातात देतेस, म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून तूच वाच. आणि मी चिडले आहे, हे आधीच सांगते. तुम्ही कडेगावला परत गेलात त्याला आठवडा झाला, तरी राग उतरलेला नाही.

चार दिवस तुम्ही पुण्यात माझ्या घरी राहिलात. माझ्या अंथरुणावर झोपलात, माझी भांडी घासलीस, खिडक्या पुसल्यास, आणि माझ्या घरचा एक घास काही खाल्ला नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी आईबापानं जेवायचं नाही, ही रीत मला लग्नाआधीपासून पाठ आहे. पहिली दोन वर्षं मला तिचं कौतुकही वाटायचं. आता लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, आई. आणि यावेळी तर तू गावाकडून प्यायचं पाणीसुद्धा कॅन भरून आणलंस! शिवतेज तो कॅन उचलून हसत हसत तिसऱ्या मजल्यावर चढला. सासूबाईंचा एवढा मान राखणारा जावई तुला शोधून सापडायचा नाही.

आप्पांच्या डोळ्यांच्या तपासण्या होईपर्यंत तुम्हाला दोन्ही वेळा बाहेर जेवायला न्यायचं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चांगली थाळी मिळते, पिठलं-भाकरी मिळते. शिवतेजनं दहा वेळा सांगितलं, तिथं नेऊ. मीच हट्टाला पेटले आणि शोधून शोधून चिनी, जपानी, कोरियन हॉटेलं काढली. तू मनात म्हणाली असशील, पोरगी शहराचं पाणी लागून बिघडली.

पहिल्या दिवशी मोमो. तिथं माझा डाव अर्धा फसलाच, कारण आप्पांची फौजेतली निम्मी नोकरी अरुणाचलात गेलेली. वाफाळलेली ताटली समोर आली आणि ते खुर्चीत ताठ बसले. "आरं, हे तर आमी बर्फात बसून खाल्लेलं हाय!" म्हणत त्यांनी दोन ताटल्या संपवल्या आणि वर मलाच काड्यांनी खायला शिकवलं. तू मात्र एकेक मोमो उघडून, आतली कोबी निवडून, पदरानं घाम पुसत खाल्लीस. दुसऱ्या दिवशी सुशी. काकडी घातलेला गार भात बघून तू एवढंच म्हणालीस, "शिळा भात बी आमी फोडणी टाकून खातो गं, ह्येंनी गारच दिला की." आणि तोही संपवलास. मला वाटलं होतं, तू ताटली सरकवशील. संध्याकाळी थाई आमटी, नारळाच्या दुधातली, गोड. तुला आमटीत गोड चालत नाही, साखर कारखान्याच्या भागात राहून चालत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वाटी पुसून घेतलीस.

तिसऱ्या दिवशी कोरेगाव पार्कातलं ते फ्युजन हॉटेल. ठेचा घातलेलं रामेन, म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवया, आणि ज्वारीच्या भाकरीचा टाको, आत आंबवलेली कोबी. तो टाको तू हातात घेतलास, वास घेतलास आणि म्हणालीस, "भाकर आपलीच हाय, पर आत काय भरलंया देव जाणे." तिथं माझं डोकं फिरलं. माझ्या घरात डबाभर ज्वारी आहे. तुझ्याच रानातली, तूच निवडून पाठवलेली. ती माझ्या डब्यात पडली की तुला वर्ज्य, आणि परक्यानं वाकवून आत कोबी कोंबली की चालते! मी उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाही. तिथं रडत होते. तू विचारलंस तेव्हा ठेचा डोळ्यात गेला म्हणाले.

आता खरं सांगते. मी मुद्दाम करत होते. वाटायचं, असलं अगम्य खाऊन तू एकदा तरी कंटाळशील, रागावशील आणि म्हणशील, चल गं बाई घरी, टाक चार भाकरी. पीठ मी रोज सकाळी चाळून ठेवत होते. लसूण सोलून ठेवत होते. रोज संध्याकाळी ते पीठ परत डब्यात ओतताना माझा जीव तुटायचा. आणि तू काय करावंस? निघायच्या आदल्या दिवशी माझ्याच ओट्यावर उभी राहून आम्हा दोघांसाठी भरलं वांगं केलंस, मीठ बघायला थेंबभरही जिभेला लावलं नाहीस आणि पदर सावरून म्हणालीस, चला, आमाला कुठं नेताय? वांगं खारट झालं होतं. आम्ही दोघांनी रात्री पाण्याच्या घोटाबरोबर सगळं संपवलं.

निघताना आप्पा जिन्यापाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिच्यावर चिडू नगंस पोरी. आपण मधीच जेवलो तर तुझ्या कुशीला बाध यील, असं तिच्या मनानं घेतलंया. तुझ्यासाठीच सोसतीया ती." मला ते कळत नाही असं नाही. तो गार भात तू व्रत पाळल्यासारखा खाल्लास. पण तू सोसत बसलीस की मला तुझ्यावर धड रागावताही येत नाही, आणि मग मी जास्तच चिडते.

परवा फोन केलास ना, उंब्रजला कुणाच्या बारशाला गेला होतात म्हणून. फोन ठेवताना म्हणालीस, "आता तुज्या घरी येईन ती बारशालाच. तवा तुझ्या हातचं पोटभर जेवीन." त्या वाक्यामुळे हे पत्र लिहिते आहे. ते बारसं होणार नाही, आई. तुम्ही यायच्या आधीच डॉक्टरांनी आम्हाला बसवून स्पष्ट सांगितलं होतं. उपचार आम्ही थांबवले आहेत. शिवतेज आणि मी, दोघांनी मिळून. तुला हे माझ्या घरी, जेवून झाल्यावर, तुझा हात धरून सांगायचं होतं. हॉटेलात, रामेनच्या वाडग्यावर कसं सांगणार होते? तुला कुणाच्या कुशीसाठी सोसायचं उरलेलं नाही. आता तू रीत पाळलीस तर मी मरेपर्यंत तू माझ्या घरी उपाशी राहणार, आणि ते मला सोसवणार नाही. मूल झाल्यावरच जेवायचं असेल तर तुला मूल झालेलं आहे, चौतीस वर्षांपूर्वी, आणि ते तुझ्यासाठी पीठ चाळून बसलं आहे. वाचून रडशील, ते रडून घे. मग आप्पांना सांग आणि ऊस कारखान्याला गेला की ये. पाण्याचा कॅन आणू नकोस. यावेळी मी एकही हॉटेल शोधणार नाही.

तुझीच,
क्रांती