जी साब

मेडिकल बोर्डाच्या डॉक्टरसाहेबांना तेरखेड्याच्या माजी सैनिक कोंडीराम उंदरेचा नमस्कार.

साहेब, अपंगत्वाच्या पेन्शनचं माझं अपील फेटाळल्याचा कागद काल आला. लहानपणी फटाक्याच्या कारखान्यात काम केल्याचं मी बोर्डापुढं कबूल केलं, म्हणून बहिरेपणाचा फौजेशी संबंध न्हाय, असं त्यात लिहिलंय.

एकोणीस वर्षं मी तोफेजवळ उभा होतो. आमच्या गावात फटाक्याचे कारखाने लई, पण म्या तिथं कधी पायबी ठेवला न्हाय.

पण तुमी खोटं लिहिलं न्हाय. त्या दिवशी तुमी मान खाली घालून लिहिता लिहिता कायतरी विचारलं. ओठ दिसले न्हाईत. परत विचारा म्हणायची लाज वाटली, म्हणून फौजेतल्या सवयीनं 'जी साब' म्हणलो. खाली सही माझीच हाय. आता वर कुठं दाद मागू?

माझी बायको सत्यभामा संगं आत येते म्हणत होती. म्याच तिला बाहेर बसवलं. तिला ह्या 'जी साब'चं काय ठाऊक न्हाय. म्हणून हे पत्र टाकणार न्हाय. तुमचं उत्तर आलंच, तर पोस्टमनची हाक तिलाच ऐकू जायची.

डॉक्टरनं खोटं लिहिलं म्हणून ती तुमाला सारखी शिव्या घालती. तेवढं तिच्या ओठांवरून बरोबर कळतं, आन् मी मान हलवतो.

आपला आज्ञाधारक,
कोंडीराम