विरळणी

ता. ३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोन उचलत नाही म्हणून रागावली आहेस, तर ऐक. फोनवर मला हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. परवा समोरची म्हणाली साखर संपली. मी ऐकलं सासू संपली, आणि तोंड पाडून सांत्वनाला गेले. सासूबाईंनीच दार उघडलं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी अशी की तुझी सहासष्ट वर्षांची बहीण पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. नगरपालिकेने स्वयंसेवक माळी तयार करायचा वर्ग काढलाय. बारा शनिवार शिकायचं, शेवटी परीक्षा. पास होईल त्याच्या हाती एखादी सार्वजनिक जागा सोपवतात, लोकांसाठी सांभाळायला.

मला कुठली जागा हवी ते तू ओळखलंच असशील. आमच्या प्रसूतिगृहामागची पट्टी. छत्तीस वर्षं तिथे नर्स होते मी. कळा सुरू झालेल्या किती जणींना हाताला धरून त्या मातीत फेऱ्या मारायला लावल्या असतील, गणती नाही. आता तिथे फरशी घालून गाड्या लावायचं घाटतंय. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ऑक्टोबर संपायच्या आत शिकलेल्या माणसाने जबाबदारी घेतली तर थांबवते, नाहीतर माझाही नाइलाज आहे. झालं, दुसऱ्या दिवशी नाव घालून आले.

शिकवणारे गृहस्थ जन्माचे माळी. उठता-बसता त्यांचा गुडघा कटकन वाजतो, म्हणून आम्ही त्यांना गुडघेमास्तर म्हणतो. आज मला म्हणाले की इतक्या वेळा हात धुणारा माळी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते कौतुक नव्हतं हे मला घरी आल्यावर कळलं.

मेहुण्यांना आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो उतू जाऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

ता. ९ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि हसण्याच्या भरात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. तो बिचारा म्हणाला की आता बरं दिसतंय. असो, आमच्या धंद्याचं हे असंच.

साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुझी तर सहासष्टीला माती झाली! पण मनापासून सांगते, मला फार बरं वाटलं. नोकरी सुटल्यापासून तू घरात नुसती चादरी सारख्या करत बसायचीस. सोबत गुडघ्याखाली घ्यायची रबराची गादी पाठवते आहे. मास्तरांचा एक गुडघा वाजतो तेवढा पुरे, तुमचा बँड नको.

पाकिटावर पाठवणारी म्हणून नेहमीप्रमाणे तुझी मावसबहीण असंच लिहिलंय. कागदोपत्री तेच खरं ना? अकरा महिन्यांची असताना तुम्ही मला मावशीला देऊन टाकलंत आणि माझी जुळी तेवढी ठेवून घेतलीत, हा टोमणा मी मरेपर्यंत सोडायची नाही. ती बिचारी पुढे दोन वर्षंसुद्धा जगली नाही, नाहीतर दोघींनी मिळून तुला सळो की पळो करून सोडलं असतं.

आमच्या ह्यांचा नमस्कार. पास हो, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी मावसबहीण,
भिंगरी

ता. १४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

आज नापास झाले. सांगायचीसुद्धा लाज वाटते.

प्रत्येकाला एकेक वाफा दिलाय, माझ्यात बीट आहे. बिटाचं बी म्हणजे एक बी नसतंच, ती एक गाठ असते. तिच्यातून दोन-दोन, तीन-तीन रोपं एकमेकांना खेटून वर येतात. तशीच राहू दिली तर एकाचाही कंद पोसत नाही. म्हणून जोमदार असेल ते ठेवायचं आणि बाकीची काढून टाकायची. याला विरळणी म्हणतात. मास्तरांनी दोनदा करून दाखवलं. शेजारच्या वाफ्यावरच्या बस ड्रायव्हरने तर पंधरा मिनिटांत उरकलं.

मी नेमकं उलटं केलं. जोमदार ती सगळी काढली आणि मरतुकडी ठेवली. काढलेली ओल्या रुमालात गुंडाळून घेतली, घरी नेऊन डब्यांत लावायला. मास्तरांना आधी वाटलं मी थट्टाच करते आहे. मग त्यांनी वाफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की बाई, हे काय करून बसलात.

पुन्हा बी पेरून दिलंय. १९ ऑक्टोबरला, परीक्षेच्या दिवशी, त्यांच्यासमोर विरळणी करून दाखवायची. तेव्हा चुकलं तर दाखला नाही. दाखला नाही तर पट्टीवर फरशी. मला सगळं कळतं गं, पण हात आपोआप जोमदार रोपाकडेच जातो.

गादी छान आहे. लोभ ठेव.

अक्का

ता. १९ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आमच्या ह्यांनी आयुष्यात कुंडीतला निवडुंगसुद्धा जगवला नाही, त्यांनाही ऐकून नवल वाटलं. म्हणाले की अक्कांनी हे मुद्दाम केलं असेल. मी म्हटलं की आमची अक्का मुद्दाम फक्त एकच गोष्ट करते, ती म्हणजे चहात साखर कमी घालते.

पण खरंच, हे तुला सुचलं कुठून? चांगलं काढायचं आणि मरतुकडं ठेवायचं, असं जगात कोणी करतं का? कोणी शिकवलं? आणि हातावर ढकलू नकोस. त्याच हातांनी तू हजारो पोरं बाहेर काढलीस, तेव्हा नाही चुकले ते.

तू काहीतरी लपवते आहेस. लपवतेस तेव्हा तुझं अक्षर बारीक होतं, आणि या खेपेचं पत्र मला दुकानातलं भिंग लावून वाचावं लागलं. काय असेल ते लिही. मला काय, मी ऐकून घेईन आणि वर चार टोमणे मारीन. उत्तर लवकर आणि मोठ्या अक्षरात हवं.

तुझी मावसबहीण,
भिंगरी

ता. २७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तीन कागद फाडले. हा चौथा. अक्षर मोठं काढते आहे.

तुम्ही दोघी अकरा महिन्यांच्या होतात. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं दूध एकीलाही पुरत नव्हतं. मावशी म्हणाली एक मला दे, पोटच्या पोरीसारखी वाढवीन. एवढं तुला माहीत आहे. पुढचं नाही.

मावशी यायची होती त्याच्या आदल्या दिवशी आईने मला उशाशी बोलावलं. म्हणाली की माझ्याच्याने हे ठरवत नाही, दोघींचं सगळं तूच करतेस, तूच सांग कुठली देऊ. मी बारा वर्षांची होते. मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

कारण तू बळकट होतीस. कोणीही उचललं तरी खिदळायचीस, पुढ्यात येईल ते खायचीस. मला वाटलं, ही कुठेही रुजेल. दुसरी सारखी आजारी, माझ्या हाताशिवाय घास घ्यायची नाही. परक्या घरात ती दोन दिवस टिकली नसती. तशी ती आमच्याकडेही टिकली नाही. म्हणजे मी तुलाही घालवलं आणि तिलाही राखू शकले नाही.

मावशी तुला घेऊन निघाली तेव्हा तू रडली नाहीस. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसलीस. मी न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले आणि बाहेर येऊन दुसरीला भरवलं.

आई-बाबांनी ठरवलं, असंच आम्ही तुला सांगत आलो. ते गेले, मावशी गेली. खरं जाणणारी मी एकटी उरले. गुपचूप मेले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण तू सरळ विचारलंस, आणि तुझ्याशी आणखी खोटं बोलायला आता माझ्यात जोर नाही.

तुझी अपराधी,
अक्का

ता. २ ऑक्टोबर

ती. अक्का यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं.

चोपन्न वर्षं आपण दर वाढदिवसाला मला स्वतः विणलेलं काहीतरी पाठवलंत. माझ्या बाळंतपणाला बिनपगारी रजा काढून दोन महिने राहिलात. माझ्या मुलीला गोवर आला तेव्हा मी न बोलावता आलात. मी जगाला सांगत फिरले की अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.

ती माया होती, की आपण दंड भरत होतात? एवढं एकच कळवावं. बाकी काही नको.

आपली मावसबहीण
(या वेळी थट्टा नाही.)

ता. ७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही ते तू ठरव.

विचारलंस म्हणून सांगते. आधी दंडच होता. तू सात-आठ वर्षांची होईपर्यंत विणताना मी टाक्याटाक्याला तुझी माफी मागत असे. मग एका सुटीत मावशीकडे आले होते. बाजारातून परत येताना तू भर रस्त्यात मला सांगितलंस की माझं नाक बटाट्यासारखं आहे आणि चाल बदकासारखी, आणि माझ्या हातातली पिशवी हिसकावून पळत सुटलीस. मी मागे धावले. धावता धावता इतकी हसले की पोटात दुखलं. घरी पोचल्यावर लक्षात आलं की त्या दिवशी माझ्या मनात माफीचा विचार एकदाही आला नव्हता. नुसती तूच होतीस.

तेव्हापासून सगळं मिसळून गेलंय. कुठला स्वेटर दंडाचा आणि कुठला मायेचा, ते मला सांगता येणार नाही. दूध आणि पाणी वेगळं करायला मी काही हंस नाही, साधी नर्स आहे.

परीक्षेला जायचं नाही असं ठरवलंय. मास्तरांना चिठ्ठी लिहून ठेवली आहे. जिला कुठलं ठेवायचं हे कधी कळलंच नाही, तिने कशाला जावं? पडली फरशी तर पडो.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

अक्का

ता. १२ ऑक्टोबर

अक्का,

मायना मागाहून. आधी ती चिठ्ठी फाड.

मी रागावले होते. खूप. ह्यांनी विचारलं जेवलीस का, तर त्यांच्यावर ओरडले. एका गिऱ्हाइकाला नंबर तपासताना म्हटलं की तुम्हाला काहीच दिसत नाही, कोणालाच काही दिसत नाही. मालकांनी मला दोन दिवस घरी पाठवलं.

पण तुझ्यावर रागवायला बसले की डोळ्यांसमोर तू येतच नव्हतीस. बारा वर्षांची एक पोर येत होती. माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिला सकाळी कुठला फ्रॉक घालू हे ठरवता येत नसे, मला तीनदा हाक मारायची. तेवढ्या पोरीला आईने हे विचारलंच कसं? आजारी होती, खचली होती, सगळं कबूल. पण पुढे चांगली म्हातारी होऊन गेली ना ती? तेवढ्या वर्षांत एकदा तरी तुला जवळ घेऊन म्हणाली का, की पोरी, ते ठरवायचं काम माझं होतं, तुझं नव्हतं? नसेलच म्हणाली. मग मी म्हणते. तुझं काम नव्हतं ते, अक्का. तुझी चूक नव्हती.

आणि दुसरं. टोमणे मारत असले तरी जन्मभर मला आतून वाटायचं की दोघींतली नकोशी होती ती देऊन टाकली. आणि तू म्हणतेस मी जोमदार म्हणून दिलं! हे आधी कळलं असतं तर मी आणखी शेफारले असते एवढंच.

शुक्रवारच्या गाडीने येते आहे. शनिवारी तुझ्या शेजारी उभी राहीन. रोपांना मात्र मी हात लावणार नाही, ती तूच काढायचीस. सा. न. राहिला, तो समक्ष घालीन, कंबर वाकेल तेवढा.

तुझी,
भिंगरी

ता. १९ ऑक्टोबर

प्रिय मेहुण्यांना,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही काळजीत असाल म्हणून लगेच लिहायला बसले. पास झाले.

पहिल्या जोडीपाशी बराच वेळ नुसती बसून होते. भिंगरी मागे उभी होती. मग मी बारकं रोप चिमटीत धरलं आणि काढलं. जोमदार होतं ते जागच्या जागी राहिलं. असं करत वाफा पुरा केला. मागे वळून पाहिलं तर भिंगरी हुंदके देत होती आणि बस ड्रायव्हर तिला आपला हातरुमाल देत होता.

तिथून दाखला घेऊन थेट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फरशीचं काम रद्द झाल्याचं त्यांनी माझ्यासमोरच फोनवर सांगितलं. सोमवारपासून पट्टी माझ्याकडे.

घरी येऊन जेवलो. मी भिंतीला टेकून बसले होते. भिंगरी बोलता बोलता आडवी झाली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. पंचावन्न वर्षांची बाई, चांगली घोरते आहे. तासभर होऊन गेला. माझा पाय केव्हाच बधिर झालाय, पण हलवत नाही. पाटी हाताशी होती तिच्यावर कागद धरून लिहिते आहे, अक्षर वाकडं आलंय ते गोड मानून घ्या.

सोमवारी तिला परत पाठवते असं मी तुम्हाला कबूल केलं होतं. तो शब्द मोडते आहे. आठ दिवस तिला माझ्याकडे राहू द्या. एकदा मी तिला देऊन टाकली होती, मागून मात्र कधी घेतली नव्हती. आज मागते आहे.

तुमची,
अक्का