जुईच्या झग्याची रेंद

९ जून, सोमवार

पाववाल्या पोदेराने आजही कांकण, बांगडीसारखा गोल पाव, काढून ठेवलं होतं. हॉर्न ऐकून टोपली घेऊन गेले, पाव घेतले, तर म्हणतो, "आनी बायेचा कांकण?" म्हटलं, बाय मुरगावला गेली, बापाकडे. "येतली कधी?" मी पाव मोजायला लागले. कांकण घेतलंच.

दुकानात जाताना यांनी टोपलीत बघितलं. चप्पल घालायला फार वेळ लावला.

११ जून

शनिवारी नेली. विनोद माझा सख्खा धाकटा भाऊ, मुलगी त्याची, त्याने नेली. त्याची बायको मंगल बाळंतपणात गेली तेव्हा टॉवेलात गुंडाळलेली जुई माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला होता, "ताई, जरा बघ हिका." ते 'जरा' सहा वर्षं चाललं. आता वैशाखात लग्न केलं, श्रुती चांगली मुलगी आहे, बेळगावची, हसतमुख. पहिलीत नाव तिकडेच घातलंय. सगळं रीतीने झालं. कोणावर चिडायची सोयच ठेवली नाही मेल्यांनी.

बायका येऊन सांगून जातात, "भावाच्या चेडवाक पोसलंस गो, पुण्य लागतला." लागूंदे. चार वाजता दप्तर टाकून 'माई, भूक' म्हणायला पुण्याला तोंड आहे का?

१२ जून

शाळेची रिक्षा चारला इथूनच जाते. आज ती यायच्या आधीच घराबाहेर पडले. शेजारच्या आनाबायची फणसाची परात परत द्यायची राहिली होती, तेवढं निमित्त.

आ.बा. सोप्यावर बसली होती. मांडीवर लोडासारखी उशी, आत भाताचं गवत ठासून भरलेलं. उशीवर टाचण्याच टाचण्या. टाचण्यांपासून दोरे लोंबतात आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बारीक लाकडी कांडी. दोन्ही हातांनी कांड्या इकडच्या तिकडे टाकत होती. खटखट, खटखट. मधे रेंद होत होती, दोऱ्याच्या जाळीची लेस. मी क्रोशाची रेंद करते, पण ही जात निराळी. लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टरींकडे शिकली म्हणे, आता गावात करणारी ती एकटीच.

रिक्षा गेली. मी वळून बघितलं नाही. आ.बा.ने बघितलं माझ्याकडे. म्हणाली, "बस गो सुमन. हात रिकामे ठेवले काय ते मनाक खातत."

१६ जून

पहिला धडा. चार कांड्या, म्हणजे दोन जोड्या. एका दोऱ्याची दोन टोकं दोन कांड्यांवर गुंडाळलेली, मधे गाठ नाही. मधल्या दोन कांड्या एकमेकींवरून टाकायच्या, डावी उजवीवर. मग प्रत्येक जोडीला पीळ, उजवी डावीवर. एवढंच. फूल, पान, जाळी, सगळं एवढ्यातूनच होतं म्हणते.

मला एवढंही येईना. डावी उजवी कळत नाही अशी मी कधीपासून झाले? पट्टीला जोड्या जास्त. दोरे रंगीत दिलेत, नवशिक्याला कुठला कुठे गेला ते दिसावं म्हणून. लाल जोडी सगळ्यांमधून जाते, टाचणीला वळसा घालून परत येते. बाकीच्या आपापल्या जागी उभ्या. माझी लाल जोडी गेली ती परत आलीच नाही. शोधून काढली तर पिवळ्यांत जाऊन बसलेली.

आ.बा.ला सांगितलं, चवथीला, गणपतीत, जुईच्या नव्या झग्याला ही रेंद लावणार. "ह्या चवथीक?" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

२२ जून, रविवार

फोन. जुई बोललीच नाही. विनोद म्हणे, "आसा हय, पण बोलणा नाय, लाजता." माझ्याशी लाजते!

मग श्रुतीने घेतला. हळू आवाजात, बहुतेक आत जाऊन. "वन्सं, रात्री उठून बसते हो ती. माई माई करते. जवळ घेतलं की ढकलते मला. काय करू सांगा की."

मला माहीत आहे काय करायचं. जुईला झोपताना कानाची पाळी लागते. डाव्या कानाची. बोटांत धरते, चोळते, झोपते. म्हणून तर माझ्या डाव्या कानात कुडी नसते, तिच्या बोटाला टोचते. लग्नाकार्यालासुद्धा एका कानाने बोडकी हिंडले. यांनी हौसेने घडवलेली जोडी, त्यातली एक कायम डबीत.

नाही सांगितलं. म्हटलं, होईल सवय.

आणि ती माझ्यासाठी रडते हे ऐकून मला आनंद झाला. झाला तो झाला. इथे तरी खोटं कशाला लिहू?

२९ जून

पट्टी जमायला लागली. वाकडीतिकडी, पण पट्टी. रात्री झोप येत नाही, डोळे मिटले की डावी उजवीवर, उजवी डावीवर. यांना दाखवली. "छान," म्हणाले. मग, "केवढ्याशा झग्याक पुरतली?"

आता पांढरा दोरा. पुठ्ठ्यावर टोचलेला नमुना आ.बा.ने दिला, साधा, काठाला छोटी कमान. एका संध्याकाळी बोटाच्या पेराएवढी होते.

८ जुलै

चुकले. कमानीत एक पीळ राहिला होता, पुढे बरंच गेल्यावर लक्षात आलं. उलट्या क्रमाने सोडवत जायचं, टाचण्या काढत. करायला दोन संध्याकाळी, सोडवायलाही दोन.

परत विणली, परत तिथेच चुकले. परत सोडवायला घेतलं तर आ.बा.ने हात धरला. दोरा उजेडात धरून दाखवला. लव सुटलेली, मऊ पडलेला. "एकदा उसवलंस ता चलता. दुसऱ्यांदा तोच दोरो उसवलंस तर तुटतलो. ऱ्हवूंदे ती चूक." राहू दिली. दोरा बघितल्यावर उसवायचा धीरही झाला नाही.

१३ जुलै, रविवार

फोन. श्रुतीचा आवाज बसलेला. जुईला ताप. शाळेत डोळे मिटतात, बाई तक्रार करतात. "माझंच काहीतरी चुकतंय वन्सं," म्हणाली आणि रडली. केवढीशी पोर ती, लग्नाला तीन महिने नाही झाले, आणि रडते माझ्यापाशी.

तरी नाही सांगितलं. सांगितलं तर माझ्याकडे काय राहिलं?

१४ जुलै

सकाळी कांड्या हातात घेतल्या, खाली ठेवल्या. घरी आले आणि श्रुतीला फोन लावला. सांगितलं. डावा कान. कुडी काढून ठेव. ती आधी नखाने टोचेल, हलू नको. मग उजव्या कुशीवर वळेल, म्हणजे झोपली.

श्रुती म्हणाली, "एवढंच होतं होय?"

एवढंच होतं.

दुपारभर पडून राहिले. हे जेवायला आले तेव्हा भात टाकलेला नव्हता. त्यांनीच टाकला. कच्चा राहिला. दोघांनी खाल्ला.

२० जुलै

श्रुती: "वन्सं, झोपते हो आता. सगळी रात्र."

देव करो आणि. पुढे लिहवत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

जुई स्वतः बोलली! खिडकीतून बोट दिसते, शेजारच्या मुलीचं नाव रिद्धी, तिच्याकडे मांजर आहे, पप्पाने छत्री आणली त्याच्यावर बदक. माझं विचारलंच नाही काही. सहा वर्षांची पोर, ती कशाला विचारेल? "मम्मी हाक मारता," म्हणाली आणि ठेवला.

मम्मी.

आ.बा.कडे गेले. ती काही विचारत नाही, हा तिचा मोठा गुण. कांड्यांचा आवाज होत राहिला.

१८ ऑगस्ट

रेंद झग्याच्या घेराला पुरणार नाही, हे आता आंधळ्यालाही कळेल. गळ्याला पुरेल. काल आ.बा. म्हणाली कर बंद. जोड्या गाठी मारून बांधल्या, कांड्यांचे दोरे कापले, एकेक टाचणी काढली. उचलली तर अंगाला अंग धरून राहिली, सुटली नाही. लहान मुलासारखी हसले मी.

रात्रीच झग्याच्या गळ्याला लावली. सकाळी दाखवायला नेली तर आ.बा.ने कपाळावर हात मारला. उलटी लावली! विणताना सुलट बाजू खाली उशीकडे असते म्हणे, आपल्याला दिसते ती मागची. मी दोन महिने मागची बाजूच बघत होते, तीच ओळखीची. उसवू का विचारलं. "नको गो," म्हणाली, "तुका नि माकाच कळतला."

२७ ऑगस्ट, चवथ

आमच्याकडची पूजा झाली. गणपतीच्या डोक्यावरची फळांची माटोळी यांनी एकट्याने बांधली. दरवर्षी खालून जुई सांगायची, अण्णा, कवंडाळ हय, नारळ थय. यंदा सांगणारं कोणी नव्हतं, हे दर फळाला खाली बघत होते.

उद्या इब्रामपूरला, माहेरच्या गणपतीला. सगळी येतील. डाव्या कानात कुडी घालायला घेतली, आता काढून ठेवायचं कारण नाही म्हणून. भोक बुजत आलंय. रक्त आलं, पण घातली.

२८ ऑगस्ट, इब्रामपूरहून परत

जुई उंच झाली. मला बघून दारात थांबली, मग धावत आली आणि पोटात डोकं खुपसलं. वास तोच नाही, साबण बदललाय.

झगा घातला. गळा पुरला. दिवसभर मिरवली, सगळ्यांना सांगितलं माईन केल्यान. रेंद उलटी आहे हे कोणाला कळलं नाही.

आरती झाल्यावर पोरं पेंगायला लागली. मी जाऊन माजघरात चटईवर बसले. काय मनात होतं ते माहीत आहे मला. कुडीचं मळसूत्र सैल करून ठेवलं होतं. जुई डोळे चोळत आली, माझ्या मांडीवरून ओलांडून गेली आणि श्रुतीच्या कुशीत शिरली. हात वर गेला. श्रुतीच्या डाव्या कानात काही नव्हतं. नव्या नवरीचा कान, सणाचा दिवस, आणि बोडका.

श्रुतीने माझ्याकडे बघितलं. तिला वाईट वाटलं, दिसलं. मी म्हटलं, पांघरूण घाल, वारा येतो तिथून. बाहेर आले आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, परत परत धुतलं.

मीच दिली ती. विनोदने नाही नेली, मी दिली.

२ सप्टेंबर

परत आ.बा.कडे. नवी सुरुवात, रुंद पट्टी. कशासाठी म्हणून विचारलं तिने. माहीत नाही म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

विनोदचा फोन. श्रुतीला दिवस गेलेत. त्रास होतोय, डॉक्टरने पडून राहायला सांगितलंय. याची ड्युटी पाळ्यांची. मग म्हणतो, "ताई, दिवाळीपासून जुयेक तुझ्याकडे ठेवूया? बाळ होऊन श्रुती उभी रवापर्यंत. शाळेचा मी बघतंय."

मी हो म्हणाले असते. फोन कानाला लावून उभी होते आणि आतून सगळं हो हो हो म्हणत होतं. कसं कोण जाणे, म्हटलं, सांगते यांना विचारून. यांना काय विचारायचं! त्यांनी ऐकलं आणि उठून माळ्यावरून तिची छोटी सायकल खाली काढली.

रात्री डावी कुडी काढून ठेवली.

३० सप्टेंबर

पोदेराला सांगितलं, दिवाळीपासून कांकण ठेव. मेला आनंदाने हॉर्न वाजवत गेला.

४ ऑक्टोबर

पट्टीत चूक. सोडवली. परत केली, परत चूक, परत सोडवायला घेतली. आ.बा. आत चहा करत होती, थांबवायला कोणी नव्हतं. दोरा तुटला. मऊ पडून, आवाज न करता. कांडी घरंगळत सोप्याच्या पायरीपर्यंत गेली.

आ.बा. कप घेऊन आली. तिने कांडी उचलली, मी दोऱ्याचं टोक धरून बसले होते. म्हणाली, "जोडता येता गो. गाठ दिसतली, पण येता." मी म्हटलं, पोर आता कुठे रात्रभर झोपायला लागलीय, आनाबाय. ती म्हणाली, "म्हणून?"

तिकडे ठेवली तर श्रुती अंथरुणात, कोण बघेल तिला? इकडे आणली तर माझी. आणि परत न्यायच्या दिवशी?

११ ऑक्टोबर, शनिवार

उद्या विनोद येतोय, माझं उत्तर घ्यायला. यांनी सायकलला तेल घातलं, सीट वर केली, जुई उंच झालीय म्हणून. उत्तर काय ते त्यांनी गृहीतच धरलंय.

संध्याकाळी फोन वाजला. जुई. एकटीने लावलेला, श्रुतीच्या फोनवरून, कुजबुजत.

"माई, पप्पा म्हणता माका तुझ्याकडे जावचा."

"होय गो बाय. येशील मगे?"

"येतंय." लगेच म्हणाली. माझे डोळे भरले. मग म्हणाली, "आनी बाळ झाल्यार?"

"बाळ झाल्यार काय?"

"माका परत हय आणतले?"

मी विचारलं, जेवलंस का? काय जेवलंस? बांगडा की भाजी?

ती म्हणाली, "आधी सांग."