कोयनेची अळंबी आणि विश्रामबागची बदली

७ जुलै १९७४, रविवार. कोयनानगर

पाऊस. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ, काडेपेटी निकामी. आजपासून नियमित डायरी लिहिणार. आयुष्याला लवकरच कलाटणी मिळणार आहे, तिची नोंद राहायला हवी.

सौ. हरणाबाई सदुसष्टच्या भूकंपापासून सांगलीत, विश्रामबागला भावाकडे. जमीन हलती तितं मी चूल मांडणार न्हाई म्हणाली, ती आजतागायत. म्हणून विश्रामबागच्या ऑफिसात बदली मागितली आहे. अर्ज घोरपडेसाहेबांच्या टेबलावर आहे. त्यांनी सही केली की झालं. ते सही करत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन वीट आला. तिची आठवण येते. जेवणाच्या वेळी येतेच, इतर वेळीही येते.

१० जुलै, संध्याकाळी

शेजारच्या धोंडुबाईंनी वाटीभर अळंबीचा रस्सा दिला. डोळे मिटले तर मटण. कुठं सापडली विचारलं, तर म्हणाल्या, आवं, जागा सांगितली की फुडल्या साली उगवत न्हाई. विज्ञानयुगात अशा समजुती. मी एक कच्ची अळंबी नमुन्यादाखल मागून घेतली.

वाटी धुताना योजना सुचली. साहेबांना मटणाशिवाय जेवण जात नाही. पण श्रावण कडक पाळतात आणि महिनाभर ऑफिसात सगळ्यांवर खेकसतात. अशा माणसाला ऐन श्रावणात मटणाची चव मिळाली, तीही पाप न लागता, तर तो कुठल्याही कागदावर सही करेल.

११ जुलै

काही अळंबी विषारी असते असं हेडक्लार्क हंबीरराव म्हणाले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, अभ्यास पाहिजे. ऑफिसभर चौकशी केली. शिजवताना चांदी काळी पडली तर विषारी. लसूण काळा पडला तर विषारी. किड्यानं कुरतडलेली असेल तर चांगली. तीन माणसांनी तीन चाचण्या सांगितल्या, म्हणजे तिन्ही एकदम चुकणं शक्य नाही. हंबीरराव म्हणाले, ज्याला खात्री नाही त्यानं खाऊ नये. एवढ्या साध्या विचारानंच ते हेडक्लार्कच्या पुढं गेले नाहीत.

१४ जुलै, रविवार

डोंगरात गेलो. अळंबी नाही. जळवा मुबलक. दर रविवारी जाणार.

२१ जुलै, रविवार

गेलो नाही. श्रावण लागला. साहेब कालच खेकसले, टाचणी वाकडी टोचली म्हणून. अर्जाबद्दल विचारण्याची ही वेळ नव्हे.

पोटरीवर जळवेची खूण अजून आहे. त्यातच नमुन्याची अळंबी सडली. हरकत नाही, डोक्यात पक्की बसली आहे. पांढरी, वर छत्री, खाली दांडा.

२७ जुलै, शनिवार, सकाळी

सापडली. डोंगर पालथा घातला तो व्यर्थ. खुद्द साहेबांच्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर, गोल रिंगण करून उभी. साहेब झोपले होते. गुपचूप पिशवी भरली. ज्यांच्या दारात उगवली त्यांनाच खाऊ घालायची, यात एक वेगळी नजाकत आहे.

धोंडुबाईंची अळंबी वारुळातली, तिचा दांडा मुळासारखा लांबच लांब. माझी अलगद हातात आली. शिवाय माझ्या अळंबीच्या दांड्याला बांगडीसारखं कडं आहे. म्हणजे क्लास वन ऑफिसरचा माल. उद्या दुपारी जेवायला या म्हणून साहेबांना सांगून आलो. काय बेत आहे विचारलं त्यांनी. मी नुसता हसलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आजोबांचा चांदीचा रुपया घालून थोडी उकळली. रुपया पांढराच. लसूण पांढरा. एका छत्रीला किड्यानं भोकही पाडलेलं. तिन्ही विषयांत पास. बाकीची कागदावर पसरून ठेवली. धोंडुबाईंच्या शेळीपुढं एक टाकली, तिनं हुंगून तोंड फिरवलं. शेळीला मटणाची चव काय कळणार.

२८ जुलै, रविवार, सकाळी

कागदावर छत्रीच्या आकाराची हिरवट भुकटी पडली आहे. छत्रीखालच्या झालरीही हिरवट दिसतात. चांगलं लक्षण. बाजारात आपण भाजी हिरवी बघूनच घेतो.

धोंडुबाई डोकावल्या. म्हणाल्या, आमी असली आणत न्हाई, टाकून द्या. जीव नकोसा झालाय का, असंही विचारलं. शेजारधर्म चांगला, पण दुसऱ्याचं बरं झालेलं कुणाला बघवत नाही.

दुपारी

साहेब आले. रस्सा वाढला. साहेबांनी ताटात बघितलं, मग कोपऱ्यातल्या कागदाकडं बघितलं, मग कुठून आणली विचारलं. मी अभिमानानं सांगितलं. साहेबांनी वाटी बाजूला सारली. म्हणाले, कृष्णात, हे खाऊ नका, परवा आमच्या कुत्र्यानं हेच खाल्लं आणि दोन दिवस ओकत होतं.

मी लगेच ओळखलं. साहेब माझ्या आत्मविश्वासाची परीक्षा घेत होते. विश्रामबागला जबाबदारीची जागा आहे, तिथं डळमळीत माणूस चालत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. साहेब नको नको म्हणत असताना तिसरी घेतली. ते भाकरी आणि ठेच्यावर जेवले. चव उत्तम. साहेब जायचं नाव काढत नाहीत, सारखे माझ्याकडं बघतात. छाप पडली.

थोड्या वेळानं

पोट किंचित जड. तिसऱ्या वाटीचा दोष.

३१ जुलै, बुधवार. कराड, दवाखाना

आज पेन धरवतं. रविवारी साहेबांनी मला स्वतःच्या जीपमधून इथं आणलं. रस्त्यातलं प्रत्येक वळण मला आतून कळलं. जीपचं मागचं सीट बदलावं लागेल. पुढचंही. डॉक्टर म्हणाले, चांदी नि लसूण यांचा विषाशी काही संबंध नाही, आणि किड्याचं पोट वेगळं, माणसाचं वेगळं. माझी पद्धत बरोबर होती, चाचण्या चुकीच्या मिळाल्या.

सोमवारी डोळे उघडले तर हरणा उशाशी. निरोप मिळाल्याबरोबर आली होती. पदर तोंडाला लावून बसली होती. मी बरा आहे म्हटलं, तर म्हणाली, गप ऱ्हावा, बोलू नगा. मला रडू आलं. सलाईनमुळे असेल. नाही, सलाईनमुळे नव्हे.

८ ऑगस्ट, गुरुवार. कोयनानगर

बदलीची ऑर्डर आली. जत. पाण्याच्या टँकरांच्या नोंदी ठेवायच्या. साहेब म्हणाले, जिल्हा सांगलीच आहे, पाऊस नाही, हिरवळ नाही, तिथं तुमच्या जिवाला धोका नाही. हे बोलताना ते अजिबात खेकसले नाहीत. माझ्याविषयी त्यांना जिव्हाळा आहे.

दवाखान्यातून माझ्याबरोबर इथं आलेल्या हरणानं ऑर्डर वाचून घेतली. मग ट्रंक ओढली आणि सामान भरायला लागली. म्हणाली, जत तर जत, मी येते, तुमाला एकटं ठिवायची सोय ऱ्हायली न्हाई. म्हणजे आम्ही एकत्र राहणार. मूळ योजना शंभर टक्के यशस्वी.

ती दमली होती, म्हणून संध्याकाळी डाळ मी केली. ताटं मांडली. हरणा म्हणाली, आदी तुमी खावा. मी खाल्लं. ती हात धुवून समोर बसली आणि माझ्या तोंडाकडं एकटक बघत राहिली. लग्न झाल्यापासून इतका वेळ तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. डाळ पार गार झाली, तरी बघत होती. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आणि जेवली.