कांद्याच्या सालीचा पराक्रम

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञाने ठेवावी. संकल्प तीन: साडेपाचला उठणे, थिसिसची रोज दोन पानं, गाईड मॅडमशी वाद न घालणे. उठलो सव्वाआठला. बाकीचे दोन उद्यापासून.
कांद्याच्या सालीचा अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला. शेजारच्या टेबलवरच्या ज्युनिअरने विचारलं, नुसतं अल्कोहोल टाकलेली एक डिश वेगळी ठेवली का? त्यात काय बघायचं, म्हटलं. पोरगी फार पुस्तकी आहे.

६ मार्च, गुरुवार
पेशी ठणठणीत. काही तर बाळसं धरल्यासारख्या दिसतात. डोस कमी पडला. आता एकदम दहापट.
थिसिस: शून्य पानं. पण मनात बरंच झालंय.

११ मार्च, मंगळवार
मेल्या! सगळ्या मेल्या! मायक्रोस्कोपखाली एक जिवंत नाही.
लगेच ताईला फोन. डिसेंबरात तिला हाच आजार निघाला, सहापैकी तीन केमो झाल्यात. ती शांतपणे ऐकत होती, रडलो मीच. सर्दी असावी.
थिसिसची अर्पणपत्रिका लिहून टाकली. नावामागे 'डॉ.' लावून सही करून बघितली. शोभते. अंगाला कांद्याचा वास येतो म्हणून घरमालकीण दार अर्धंच उघडते. उद्या पेपरात फोटो आला की पूर्ण उघडेल.

१४ मार्च, शुक्रवार
ताईचा फोन. चौथी केमो वीस तारखेला. ती टाळून सालीचं पाणी प्यायलं तर चालेल का, विचारत होती.
घरात आजवर मला बल्ब बदलायलाच बोलावतात. सल्ला पहिल्यांदाच मागितला. मी म्हटलं, शास्त्र पुढे चाललंय बघ. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शास्त्रज्ञाने तटस्थ असावं.
जेवण गेलं नाही. साली सोलून भूक मेली असणार.

१७ मार्च, सोमवार
मॅडमना निकाल दाखवला. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी चष्मा वर केला आणि नुसत्या अल्कोहोलची डिश कुठे आहे, एवढंच विचारलं. वाद घातला. ती डिश केल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, म्हणाल्या.
करतो. त्यांच्या समाधानासाठी. संकल्प आता तिन्ही मोडले, त्यामुळे मोकळं वाटतंय.

१९ मार्च, बुधवार
सकाळी १०.१०. नुसत्या अल्कोहोलच्या डिशमधल्याही सगळ्या मेल्या.
१०.३०. मायक्रोस्कोप बिघडलाय.
१०.४०. ज्युनिअरच्या मायक्रोस्कोपमधून बघितलं. तोही बिघडलाय. तिने पाण्याची बाटली पुढे केली.
११.१५. अर्क दहापट म्हणजे अल्कोहोलही दहापट. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच शिकवतो. माझ्या पेशी कांद्याने नाही, दारूने गेल्या.
११.२०. उद्या वीस तारीख.
ताई फोन उचलत नाही. पाच वेळा केला.
दुपारी ४. टॅक्सीने तिच्याकडे गेलो. दार भाऊजींनी उघडलं. ताई उद्याची हॉस्पिटलची पिशवी भरत होती, फोन त्याच पिशवीत तळाला. चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, केमो टाळायचं माझ्या मनात नव्हतंच. तिसरीनंतर धीर सुटला होता. सगळे गोड बोलतात, तू तरी खडसावून नाही म्हणशील, म्हणून विचारलं होतं. तू म्हणाला नाहीस, मग माझं मीच म्हणून घेतलं.
लाज वाटली. इथे दुसरं कारण लिहिणार होतो, सुचलं नाही.

२० मार्च, गुरुवार
साडेपाचला उठलो. ताईबरोबर हॉस्पिटलमध्ये चार तास बसलो. तिचा हात गार होता, धरून ठेवला. तिने मला दोनदा हात धुवून यायला लावलं, तरी कांद्याचा वास गेला नाही.
नर्सने विचारलं, हे डॉक्टर आहेत का?
ताई म्हणाली, छे, भाऊ आहे.