पंपाची थरथर

शनिवार, ता. १४

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. बाबांचा खोकला तर आमच्याहून ठणठणीत आहे. "वर माझी धाकटी बसणार!" असं येईल त्याला ऐकवतात, पेपरवाल्यालाही सोडत नाहीत.

काल तुमच्या रॉकेटच्या इंजिनाची शेवटची चाचणी झाली, हे तुला कळलंच असेल. चौथऱ्याला जखडलेलं इंजिन पूर्ण वेळ गरजलं, कंट्रोल रूममध्ये टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या.

त्याचं असं की, आधीच्या चाचणीत इंजिन बंद होताना इंधनाचा पंप थरथरला होता. साहेब म्हणाले, सेन्सर खराब. बदलला. पुन्हा तेच. मग म्हणे वायर खराब. तीही बदलली, तरी थरथर आहेच! आणि काल बघते तर सेन्सरच काढून टाकलेला. म्हणाले, "कटकट मिटली." अगं, ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकून देतात का?

शिवाय साहेब एकदम गोड झालेत. ज्या माणसानं कधी 'जेवलात का' विचारलं नाही, तो मला रजा घ्या म्हणतो! पाणी कुठेतरी मुरतंय.

मी तोंडावर विचारलं. तर म्हणतात कसे, "बाई, वर तुमची बहीण बसणार नसती, तर हा पंप तुम्हाला इतका थरथरताना दिसला असता का?"

कॅन्टीनमध्ये तर वेगळीच कुजबुज. अंतराळवीरांच्या निवडीत मी गळले, तू लागलीस, म्हणून मी खोडा घालतेय म्हणे. इतकं ऐकलं की मला माझाच संशय यायला लागला. पण मग सेन्सर का काढला? मला हेवा वाटतो म्हणून?

इकडचं तिकडचं लिहीत बसलेय, कारण खरं लिहायला हात धजत नाही. आज सकाळी मी मंजुरी नाकारली. माझ्या होकाराशिवाय हे इंजिन जागचं हलत नाही. आता पंप उघडून बघतील, उड्डाण पुढे जाईल, ते थेट पुढच्या तुकडीकडे. आणि त्या तुकडीत तू नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे.

पंपात काहीच सापडलं नाही, तर तुझं इतक्या वर्षांचं स्वप्न मी फुकट मोडलं.

तू चिडशील. चिड. फोन उचलू नकोस, आले तर दार लावून घे. आयुष्यभर अबोला धर माझ्याशी. पण आयुष्यभर, चिमे.

तुझीच,
ताई