गोवर झाल्याचा पुरावा

सोम. ७ मे २००७
लेखी परीक्षेला बरोब्बर दोन आठवडे. आज हेर कोखनी लसीकरण शिकवलं. मी हात वर करून म्हटलं, खेड्यात लस थंड ठेवणं हेच अर्धं काम असतं. "इंटरेसांट," म्हणाले आणि फळ्याकडे वळले. आठ वर्षं नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते, गल्लीबोळांतून डोस पाजत फिरले. इथे जर्मनीत त्याची किंमत शून्य. बारावीही अपुरी धरतात, म्हणून हे वर्षभराचं पूर्वतयारीचं कोलेग, मग परीक्षा, मग कुठे विद्यापीठात पब्लिक हेल्थला अर्ज. तेहेतिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून पेशीची आकृती काढतेय. सुबक काढते म्हणे.

बुध. ९ मे
शेजारी बसणारी ओल्गा, युक्रेनची. डोळे लाल, खोकला, ताप. "ॲलर्जी," म्हणाली. मधल्या सुट्टीत तिला खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला लावलं. गालांच्या आत पांढरे कण, रवा सांडल्यासारखे. कानामागे पुरळ सुरू. गोवर. शंका घ्यायला जागाच नाही. आणि ती राहते बहिणीकडे, घरात चार महिन्यांचं बाळ!
कोलेगच्या प्रमुख फ्राउ लिंडनर यांच्याकडे गेले. "तुम्ही इथे विद्यार्थिनी आहात. निदान डॉक्टर करतील. परीक्षेच्या तोंडावर घबराट नको." ओल्गाला घरी पाठवलं एवढंच. तिला डॉक्टरची वेळ मिळाली सोमवारची. सोमवार!

गुरु. १० मे
रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळी आरोग्य खात्याला मीच फोन लावला. पहिल्या बाई: डॉक्टर आहात? नाही. नर्स? भारतात. इथे? इथे नाही. "आल्झो, मग तुम्ही कोण?" काय सांगू कोण. शेवटी दुसऱ्या बाईंना दिला, फ्राउ बेरेन्स. त्यांनी फक्त बाळाचं वय विचारलं. "आम्ही आजच जातो."
नवऱ्याला सांगितलं तर मंदार म्हणाला, "परीक्षा झाल्यावर केला असतास फोन."
"तोवर गोवर थांबला असता का?"
गाडीची किल्ली घेऊन कामावर गेला.

शनि. १२ मे
गोवरच. ओल्गाच्या बहिणीचा फोन. बाळाला गुरुवारीच प्रतिबंधक इंजेक्शन दिलं. बोलता बोलता रडली. मीही.

सोम. १४ मे
फ्राउ बेरेन्स कोलेगात आल्या. फर्मान: लसीचं पुस्तक दाखवा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी २३ तारखेपर्यंत यायचं नाही. परीक्षा २१ पासून. असे निघालो नऊ जण. नववी मी!
"मला लहानपणी गोवर झालाय," म्हटलं.
"पुरावा?"
हजारो पोरांच्या कार्डांवर सह्या केल्या, माझं स्वतःचं कार्ड नाही. आईला बार्शीला फोन लावला. "झाला होता की! अंगभर. आठ दिवस अंधाऱ्या खोलीत निजवली होती तुला." हे भाषांतर करून सांगितलं. फ्राउ बेरेन्स हसल्या, पण आईची साक्ष चालत नाही. रक्त तपासायचं. दिलं.

मंगळ. १५ मे
वर्गातल्या एकाचा एसएमएस: "डांके, इंडिया." धन्यवाद म्हणे.
उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

बुध. १६ मे
लॅबला फोन. उद्या सणाची सुट्टी. शुक्रवारी मधला दिवस म्हणून सगळेच रजेवर. "सोमवारी नक्की." सोमवारी नऊला जर्मनचा पेपर आहे हो! "गेनाऊ," म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. काय गेनाऊ?
सईने जर्मनमध्ये विचारलं, आई, तू आजारी नाहीस तर शाळेत का जात नाहीस. सहा वर्षांच्या मुलीला हे कळतं.

शनि. १९ मे
अभ्यास होत नाही. पुस्तक उघडून रागच येतो. ओटा घासला, फ्रिज घासला. मंदार सईला घेऊन बागेत गेला. जाताना म्हणाला, "मी असतो तर नसता केला फोन. तू केलास ते…" आणि सईच्या बुटांचे बंद बांधू लागला.

सोम. २१ मे
पेपर नऊ ते बारा. मी घरी. पावणेदोनला फॅक्स आला: प्रतिकारशक्ती भरपूर. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून बसू शकत होते. कोणावर ओरडू? कुकरवर ओरडले.

मंगळ. २२ मे
बायोलॉजीला बसू दिलं. चांगला गेला. बाकीचे आठ अजून घरीच.

बुध. २३ मे
फ्राउ लि.: बुडालेला पेपर शरद ऋतूत. पण विद्यापीठाचे अर्ज जुलैत बंद! म्हणजे अख्खं वर्ष गेलं, नऊही जणांचं. म्हटलं, खात्याच्या हुकमाने घरी बसलो, आमच्या मर्जीने नाही. "कमिटीसमोर मांडा. शुक्रवारी."

शुक्र. २५ मे
कमिटीत तिघं. हेर कोखही. सगळ्यांतर्फे मीच बोलले, जर्मन चुकतमाकत. कधी फोन केला, का केला, बाळ केवढं. नियम माहीत आहेत, पण पुढच्याच आठवड्यात पेपर घ्या.
मग फ्राउ लिंडनर यांनी विचारलं, "हे असं होणार हे ठाऊक असतं, तरी फोन केला असतात?"
"जा."
विचार न करताच हो म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. उलटं वाचता येईना.
बाहेर पायऱ्यांवर ते आठ जण. काय ठरलं? मंगळवारी कळवतील, म्हटलं, सोमवारी पुन्हा सुट्टी. ट्राममध्ये सगळे एकत्रच चढलो, माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली.
"जा" खरंच होतं. उद्याही तेच म्हणेन. पण या आठ जणांना मी विचारलं नव्हतं, हेही खरंच.